खणीपाशी थांबणारी फटफटी

किक मारणं ही काय शिकायची गोष्ट आहे, असं ज्याला वाटतं त्यानं उमेळ्याच्या सॅन्टन तुस्कानोला एकोणऐंशी सालच्या नोव्हेंबरात बघायला हवं होतं. सकाळी अंगणात फटफटी उभी करायची, शर्टाच्या बाह्या वर सारायच्या, क्रूसाची खूण करायची आणि पाय हाणायचा. गाडी एकदा खोकायची आणि गप्प. पुन्हा हाणावा तर किकच उलटी येऊन नडगीवर बसायची. तेवढ्यात कुंपणापाशी माणसं गोळा, आणि आमच्या गावात फुकटच्या सल्ल्याला कधी तोटा पडलेला नाही. ज्यांनी जन्मात सायकलीला तेल घातलं नाही ते सांगायचे, चोक ओढ. दुसरा म्हणायचा, चोक कसला ओढतोस, आधीच पेट्रोल तुंबलंय. तिसरा नुसताच हसायचा. मग कोणीतरी वाकून बघायचं आणि विचारायचं, "मास्तर, पेट्रोलचा कॉक तरी उघडलास का?" कॉक बंदच असायचा.

सॅन्टन तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचा. उंच, किडकिडीत, काही बोलायचं तर आधी घसा साफ करणारा. डी.एड. होऊन घरी केळीला पाणी घालत बसला होता, तो दिवाळीच्या सुटीनंतर चिंचोटीच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत चिकटला. आता उमेळे कुठे नि चिंचोटी कुठे. मध्ये रेल्वेचं फाटक, मिठागरं, जूचंद्र गाव आणि त्याच्यापुढचा सगळा मोकळा रस्ता. एसटीचा भरवसा तेव्हाही नव्हता. शाळा भरायच्या आत पोचायचं तर स्वतःचं वाहन हवं, आणि वाहन घरातच होतं, गोठ्यात, गोणपाटाखाली. पण ते गोणपाट वर्षभर कोणी उचललं नव्हतं.

कारण ती गाडी थोरल्या भावाची होती. ॲन्सेल्म त्याचं नाव. चिंचोटीच्या एका दगडखाणीत हिशेबनीस होता. जुनी का होईना पण स्वतःची फटफटी घेतली म्हणून केवढा मिरवायचा. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की नारळाच्या शेंडीनं तिला घासत बसायचा. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो कामावरून निघाला आणि घरी आला नाही. जूचंद्रच्या पुढं रस्त्याला लागून मुरमाची एक जुनी खण आहे, बारमाही पाण्यानं भरलेली. तिच्या काठावर एका ट्रकवाल्याला फटफटी दिसली. नीट स्टँडवर लावलेली, इंजिन चालू, दिवा पेटलेला. बाजूला चपलांचा जोड, उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात तसा शेजारी शेजारी ठेवलेला. आणि ॲन्सेल्म पाण्यात.

आमच्याकडची पोरं धड चालायच्या आधी बावखलात पोहायला शिकतात. वाडीवाडीत ती तळी आहेत, आणि ॲन्सेल्म तर अख्खं बावखल एका दमात पार करायचा. अंगावर ओरखडा नाही, खिशातलं काही गेलेलं नाही, मनात काही सल होता म्हणावं तर आदल्या दिवशी त्यानं गाडीला नवा आरसा बसवलेला. त्यानं तिथं गाडी का थांबवली, चपला का काढल्या आणि पाण्यात त्याला काय दिसलं, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या आयनं, क्लेमेंटीनबायनं, तोंड मिटलं. आता ही बाई कोण, तर जिची हाक रेल्वेच्या फाटकापर्यंत जायची ती. नवरा पोरं लहान असतानाच गेला, पण तिनं वाडी राखली, दोघांना वाढवलं आणि भांडणात कोणाला ऐकलं नाही. ती बाई दफनावरून घरी आली, चुलीपाशी बसली आणि बोलायची थांबली. डॉक्टर झाले, फादर येऊन गेले. घशाला काही झालेलं नव्हतं. स्वयंपाक करायची, गाईचं दूध काढायची, संध्याकाळी रोजरीची माळ हातात धरून ओठ हलवायची, पण आवाज नाही. घरात दोन माणसं आणि दिवसभर ऐकू काय यायचं, तर खवणीवर नारळ खवल्याचा आवाज.

सॅन्टननं काय काय केलं म्हणून सांगू. मुद्दाम चिखलाच्या पायांनी घरात शिरायचा, वाटायचं आता तरी ओरडेल. ती फडकं घेऊन जमीन पुसायची. आमटीत मूठभर मीठ टाकलं, तिनं आमटीची वाटी बाजूला सारली आणि निमूट कोरडा भात खाल्ला. त्याला नोकरीची हौस नव्हती, गाडीची नव्हती, लग्नाची नव्हती. आयनं एकदा तोंड उघडावं, हवं तर शिवी हासडावी, एवढंच त्याला हवं होतं. रडायला यायचं तेव्हा तो केळीत जाऊन रडायचा.

नोकरी लागली तेव्हा त्यानं भीतभीत विचारलं, "आय, दादाची गाडी काढू का?" क्लेमेंटीनबाय त्याच्याकडे बघत राहिली, मग उठून आत गेली. बाहेर आली ती मेणबत्ती घेऊन. फेब्रुवारीत चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वाद देऊन वाटतात. आमच्याकडे घरोघर ती एक मेणबत्ती पेटीत जपून ठेवलेली असते. वादळात लावतात, माणूस जायला टेकला की लावतात. ॲन्सेल्मच्या उशाशी जी जळली होती तिचाच तो उरलेला तुकडा होता. बाईनं गोणपाट स्वतः ओढून काढलं, मेणबत्ती पेटवली, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मेण ठिबकवलं आणि ते ओलं असतानाच त्यात संत क्रिस्तोफरचं पदक दाबून बसवलं. प्रवाशांना सांभाळणारा संत तो. रोजच्या कामांपलीकडे वर्षभरात तिनं आपणहून केलेलं हे पहिलं काम. त्या पदकाला सॅन्टन नख लावील हे शक्यच नव्हतं.

पहिल्या दिवशी बरीच झटापट होऊन गाडी सुरू झाली. फाटक ओलांडून, मिठागरांच्या मधून, जूचंद्रच्या घरांच्या मागून सॅन्टन निघाला. वाफ्यांवर धुकं बसलेलं. हँडल इतकं आवळलं होतं की बोटं दुखायला लागली, पण गाडी चालत होती आणि स्वारी खूश होती. जूचंद्र मागं पडलं, रस्ता वळला, आणि फटफटीनं एक आचका दिला. मग दुसरा. इंजिन गप्प झालं. गाडी आपल्या आपण थोडी घरंगळली आणि खणीच्या काठाशी येऊन थांबली.

त्या जागेबद्दल सांगायला हवं. मिठागरात बगळ्यांचे थवेच्या थवे, पण इथं एकही उतरत नाही. काठावर एक वाकडं भेंडीचं झाड आहे, भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांची मोठी भेंडी. त्याची पानं हलत असतात, आणि खालचं पाणी हलत नाही. रंग काळपट हिरवा, तळ दिसत नाही. पूर्वी जूचंद्रच्या बायका गोधड्या धुवायला यायच्या, ॲन्सेल्म गेल्यावर त्याही यायच्या बंद झाल्या. सॅन्टननं पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकी नजर गेली ती चपला सापडल्या होत्या त्या जागेवर.

घाबरलेला माणूस हाताला काम शोधतो. त्यानं कॉक बघितला, उघडाच होता. पान्यानं प्लग काढला, बोटं भाजून घेतली, शर्टाला पुसला, इंजिनला टेकवून किक मारली. निळी ठिणगी पडली, म्हणजे करंट येत होता. पुन्हा बसवून किका मारल्या, घामानं निथळला, काही नाही. शेवटी म्हटलं, पेट्रोल तरी आहे का बघू. झाकण फिरवलं.

आतून आवाज आला. हुश्श. लांबलचक. माणूस पाण्यातून डोकं बाहेर काढतो आणि पहिला श्वास ओढून घेतो, तसा.

सॅन्टनच्या हातातलं झाकण खाली पडलं. चहूकडे कोणी नव्हतं. पेट्रोल अर्ध्यापर्यंत दिसत होतं, किंचित डुचमळत. त्यानं झाकण उचलून लावलं, किक मारली, आणि मघापासून मेलेलं इंजिन पहिल्या किकला जिवंत झालं. शाळेत पोचला तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती.

संध्याकाळी परत येताना पलीकडून आला, तरी गाडी खणीपाशीच थांबली. झाकण उघडलं, पुन्हा तो श्वास, आणि मग सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खरं सांगायचं तर कधी ती चार हात अलीकडे थांबायची, कधी भेंडीच्या पलीकडे, पण भिणारा माणूस असले हात मोजत नाही. घर जितकं लांब तितकीच शाळा लांब आणि बरोब्बर मधे ती खण, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

फाटकापाशी शत्रुघ्न मिस्त्रीचं गॅरेज होतं. जूचंद्रचा माणूस, जिभेला हाड नाही आणि भुताखेतांवर विश्वास नाही. त्यानं कार्बोरेटर खोलून धुतला, पॉइंट घासले, नवा प्लग टाकला आणि म्हणाला, "मास्तर, गाडीत काय नाय. तुमच्या पायात जोर नाय." सॅन्टन म्हणाला, "तू चल माझ्यासोबत." शत्रुघ्न हसत हसत मागं बसला. वळणावर गाडी थांबली तेव्हाही हसत होता. स्वतः उतरून किका मारल्या, शिव्या घातल्या, गाडीच्या आयबापाचा उद्धार केला. मग सॅन्टननं झाकण उघडलं आणि तो आवाज आला.

शत्रुघ्नचं हसू मावळलं. पाण्याकडे तोंड करून तो दोन पावलं मागं सरला. "मास्तर, ह्यो तुमचा भाऊ हाय," तो हळूच म्हणाला. "त्याला दम लागलाय. ह्या पान्याला कोन पुरं पडत नाय. गाडी ऐकून टाका." विकून टाका म्हणायचं होतं, जीभ वळत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं खणीत नारळ सोडला, आणि त्याच संध्याकाळी ताडीच्या गुत्त्यावर सगळी हकीकत. मग काय, आठवडा पुरा व्हायच्या आत आमच्या कुंपणाकुंपणाला तोच विषय. क्लेमेंटीनबाय बोलत नव्हती, बहिरी नव्हती.

त्या रविवारी मिस्सेहून आल्यावर सॅन्टन अंगणात गाडी पुसत होता. आय चर्चचं लुगडं न बदलता बाहेर आली, मागच्या सीटवर एका बाजूला बसली आणि त्याच्या पाठीला हात लावला. कुठं जायचं हे विचारायची गरज नव्हती. तो नाही म्हणू शकला नाही.

वळणावर गाडीनं आचका दिला आणि थांबली. दुपारचं ऊन टळटळीत, भेंडीची पानं हलत होती, पाणी तसंच. सॅन्टननं झाकण फिरवलं. हुश्श.

"आलास?" आय म्हणाली.

वर्षभर न उघडलेल्या दाराची कडी कुरकुरावी तसा तो आवाज होता. सॅन्टनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भीतीनं की आनंदानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं, दोन्ही एकाच वेळी होतं. आयनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू जरा लांब जा, सॅन्टू," ती म्हणाली. "मला त्याच्याशी बोलायचंय."

तो झाडापाशी जाऊन उभा राहिला. आय काठावर उकिडवी बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. गाय व्यायली, केळीवर कीड आली, अमक्याच्या मुलीचं जमलं. मध्येच ती थांबायची. समोरचा बोलत असला की आपण थांबतो ना, तशी. मान हलवायची. एकदा ती हसली, आणि सॅन्टनच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ती कशाला हसली ते सांगणारं तिथं कोणी नव्हतं.

घरी येताना ती मागून म्हणाली, "हळू घे. तुझा भाऊ असा नव्हता चालवत." आणि दारात आल्यावर, "पाय पूस आधी." सॅन्टननं पाय पुसले, पुन्हा पुसले, अगदी कातडी निघेपर्यंत पुसले.

तेव्हापासून दर रविवारी जाणं ठरून गेलं. बाई माणसात आली. शेजारणीशी मेथीच्या जुडीवरून भांडली, तर अख्खी आळी ऐकायला बाहेर आली आणि कोणाला राग आला नाही. बोंबिलाच्या कालवणाचा वास पुन्हा रस्त्यापर्यंत यायला लागला. सॅन्टन रविवारी खणीपाशी भीतीनं गार पडायचा आणि उरलेला आठवडा सुखात असायचा. हा सौदा त्याला मान्य होता.

पण शाळेत रोज उशीर. हेडमास्तर भला माणूस, तरी किती दिवस चालवून घेणार. नाताळच्या आधी त्यांनी बोलावून सांगितलं की तुस्कानो, असंच चाललं तर मला वर कळवावं लागेल.

त्याच संध्याकाळी सॅन्टन हंसाकाकूच्या दुकानात गोडेतेल आणायला गेला. हंसाकाकू तेलाचा नवा पत्र्याचा डबा फोडत होती. खिळा ठोकून एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल गचके खात आलं, गळक गळक करत, आणि मग थेंब थेंब होऊन थांबलं. तिनं पलीकडच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं. डब्यानं हुश्श केलं आणि तेलाची धार सरळ लागली.

सॅन्टन बाटली तिथंच विसरून घरी पळाला.

त्यानं झाकण हातात घेऊन उजेडात धरलं. पदकाच्या कडेला, मेणाच्या खाली, टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. वारा आत जायचं भोक. ते आयनं ओतलेल्या मेणानं बुजलेलं. वारा आत नाही म्हणून पेट्रोल खाली नाही, झाकण उघडलं की टाकी वारा ओढून घेते. उभ्या गाडीत तो मेणाखालून हळूहळू झिरपायचा, आणि तेवढा घरून काय नि शाळेतून काय, खणीपर्यंतच पुरायचा. बस, एवढंच. शोध लागला की माणूस नाचतो म्हणतात. सॅन्टन ओट्यावर मटकन खाली बसला. आत आय भाकऱ्या थापत कोणालातरी मोठ्यानं नावं ठेवत होती, आणि तो झाकण हातात धरून तो आवाज ऐकत राहिला.

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं टाचणीनं भोक मोकळं केलं, पदकाला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर आली आणि न थांबता पुढं गेली. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं भलतंच. रस्त्यात भाऊ उभा आहे आणि आपण ओळख न देता पुढं निघून आलो, असं वाटलं. आणि आणखी एक गोष्ट मनात आली, ती आली नसती तर बरं झालं असतं. मेण तर दादा गेल्यावर लागलं. मग त्या संध्याकाळी दादानं चांगली चालती गाडी तिथं कशासाठी थांबवली? दिवसभर फळ्यावर पाढे लिहिताना हा प्रश्न त्याच्या मागं उभा होता, आणि उत्तर कुठल्याच डब्यात नव्हतं.

आता रविवारचं काय? गाडी खणीपाशी थांबली नाही तर आयचा मुलगा तिला भेटणार नाही. आणि तो भेटला नाही तर पुन्हा ते मिटलेलं तोंड, पुन्हा ती खवणी. सॅन्टननं दोनदा सांगायचं ठरवलं, दोनदा घसा साफ केला आणि गप्प बसला. शेवटी रविवारी सकाळी, वीज गेल्यावर लावायची साधी मेणबत्ती पेटवून, त्यानं भोकावर एक थेंब पाडला. गाडी थांबली, टाकीनं श्वास घेतला, आय काठावर बसून बोलली. घरी आल्यावर त्यानं भोक उघडलं. मग दर रविवारी तेच. ज्या पोरानं गाडी सुरू करता करता नडग्या फोडून घेतल्या, तो आता ती बंद पाडायला शिकला होता. आयला आपण फसवतो, तेही मेलेल्या भावाच्या नावानं, हे त्याला आतून खात होतं. जेवताना तो तिच्या नजरेला नजर देईना. पण ती बोलत होती, आणि त्यापुढं त्याला सगळं कबूल होतं.

जानेवारी संपत आला होता. त्या रविवारी गाडी नेहमीसारखी थांबली. सॅन्टननं झाकणाला हात घातला, तर आयनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. उघडू नको."

"आय, पण त्याशिवाय..." तो म्हणाला आणि जीभ चावली.

"चर्चचं मेण पिवळं असतं, सॅन्टू," आय म्हणाली. "हे पांढरं आहे."

सॅन्टनला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मान खाली घालून त्यानं विचारलं, "कधी कळलं?"

"तू लावलंस त्याच दिवशी."

"मग येत का राहिलीस?"

क्लेमेंटीनबायनं त्याच्याकडे असं बघितलं की हा मास्तर कसा झाला. "भोकाचा आणि त्याचा काय संबंध?" ती म्हणाली. "तो इथं आहेच. गाडी थांबली काय नि न थांबली काय. तू आणत होतास म्हणून मी येत होते." मग ती पाण्याकडे वळली. "पण आता त्याला थंडी सोसत नाही म्हणतो. आज घेऊन जाऊया."

ती काठापर्यंत गेली, वाकून काहीतरी बोलली आणि परत फिरली. सावकाश येत होती, उजवा हात अंगापासून थोडा लांब धरून. भेंडीची पानं थांबली होती. सॅन्टन गाडीवर बसलेला होता. आय जवळ आली आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"पुढं सरक. त्याला जागा होत नाही."

तो सरकला. टाकी पोटाला लागेपर्यंत सरकला. आय एरवी एका बाजूला बसायची. आज तिनं लुगडं आवरलं आणि दोन्हीकडे पाय टाकून अगदी त्याच्या पाठीला चिकटून बसली. गाडी तिच्या वजनानं जरा दबली. आणि मग, तिचं बसून झाल्यावर, मागच्या स्प्रिंगा पुन्हा एकदा खाली गेल्या.

सॅन्टननं मागं बघितलं नाही. झाकण बंद, भोक बुजलेलं, आणि पहिल्या किकला गाडी सुरू झाली. जूचंद्र गेलं, मिठागरं गेली, फाटक गेलं, ती कुठं अडखळली नाही. दोन माणसं मागं असली की हँडल हलकं लागतं आणि वळणावर गाडी जड पडते, हे नवशिक्याला ठाऊक नसतं. सॅन्टनला ते त्या दिवशी कळलं. अंगणात आल्यावर आय उतरली, सीटवर हात ठेवून जरा थांबली आणि म्हणाली, "सावकाश उतर." ते कोणाला म्हणाली हे त्यानं विचारलं नाही, कारण तो अजून गाडीवरच बसलेला होता आणि ते आपल्यालाच असं त्यानं धरून चाललं. मग ती घरात गेली आणि आतून तिची हाक आली, पार फाटकापर्यंत जाईल अशी, की ते मेण काढ आता, उद्या शाळा आहे.

क्लेमेंटीनबाय त्यानंतर कधी खणीवर गेली नाही आणि मरेपर्यंत कधी गप्प बसली नाही. सॅन्टन रोज त्या वळणावरून गेला, गाडी पुन्हा थांबली नाही. पुढं त्याचं लग्न झालं. बायको मागं बसायची तरी तिच्या पाठीमागं हातभर सीट मोकळी राहायची, कारण मास्तर पार टाकीला चिकटून बसायचे. शाळेतली पोरं त्यांच्या बसण्याची नक्कल करायची. एका नव्या शिक्षकानं एकदा हसत विचारलं, "तुस्कानो मास्तर, इतके पुढं का बसता हो? पोटाला लागत नाही?"

"लागतं," सॅन्टन म्हणाला. "पण मागं जागा पुरायला हवी."